दोन फुटांवरून

१२ नोव्हेंबर

रिसॉर्टचे मालक सुजयशेठ, त्यांनी आज ऑफिसात बोलावलं. माझी गोल्फ शिकवायची रेंज मार्चअखेरपर्यंतच, म्हणाले. रिसॉर्टला समुद्र दिसणारी बारा कॉटेजेस बांधायची आहेत, आणि समुद्र दिसतो तो आमच्याच सड्यावरून, या कातळमाळावरून. "हरिश्चंद्र, तुमच्याबद्दल मला आदर आहे." कुणी असं बोललं की पुढे काय येतं ते सत्तेचाळीस वर्षांत मला कळलेलं आहे. मग जरा थांबून म्हणाले, "इथून एखादं नाव काढणारं पोर निघालं असतं, तर मी घरच्यांपुढे तुमच्या बाजूने काहीतरी बोलू शकलो असतो."

पोर आहे. उझमा. जानेवारीत पुण्याला महिला व्यावसायिकांची पात्रता फेरी आहे, तीन दिवसांची. पहिल्या तिसांत आली तर वर्षभर देशातल्या स्पर्धा तिला खुल्या होतील. शेठना तारीख सांगितली. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं आणि "बघू" म्हणाले.

बायकोला, अक्षयाला, अजून सांगितलेलं नाही. ही वही रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठी ठेवतात, त्या गठ्ठ्यातली. खरं कुठेतरी सांगायला हवं म्हणून उचलली.

१५ नोव्हेंबर

उझमा एकोणीस वर्षांची आहे, खालच्या कर्ले गावची. तिचे वडील गुलाम रसूल बावीस वर्षं बाहरीनला एका गोल्फ क्लबात गवत राखायला होते. पोर लहानपणी तिथेच होती, टाकून दिलेल्या तुटक्या काठ्यांनी कुंपणाकडेला चेंडू मारायची. रसूलभाईंची कंबर गेली आणि सगळे गावी परतले. तीन वर्षांपूर्वी या जांभ्याच्या कातळावर हिरवळ करायला मी माणूस शोधत होतो तेव्हा ते आले. तळहात कातळावर ठेवून म्हणाले, "उगवेल, हरीभाऊ. पण ते तुमचं ऐकायचं नाही, माझं ऐकेल." ते बोलत होते तोवर बरोबरच्या पोरीने माझ्या पिशवीतली काठी काढून एक चेंडू मारला. तो गेला तसा माझा एकही चेंडू गेल्या दहा वर्षांत गेलेला नाही.

लांबच्या फटक्यांत तिला शिकवण्यासारखं फार थोडं आहे. मला भीती वाटते ती जवळच्या फटक्याची. ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक गवतावर, पोचल्यावर शेवटचा जो हलका फटका असतो, पट, त्यात ती विचारच करत नाही. चेंडूपाशी जाते, उभी राहते, ढकलते. आज विचारलं, "मारताना मनात काय असतं?"

"काही नसतं, सर. होलमध्ये टाकायचा असतो."

एकोणिसाव्या वर्षी मीही हेच सांगितलं असतं.

२२ नोव्हेंबर

एकदा लिहूनच टाकतो.

वडील मुंबईच्या एका क्लबात माळी. मी साहेबांच्या पिशव्या उचलत खेळ शिकलो. एकविसाव्या वर्षी व्यावसायिक झालो, दोन स्पर्धा जिंकलो, पेपरात फोटो आला, आईने तो देवघरात लावला. २०१२ साली बंगळूरला शेवटच्या होलवर दोन फुटांचा पट उरला होता. गेला असता तर तिसरी स्पर्धा माझी. झोपेत पाय उडतो तसा माझा उजवा हात उडाला. चेंडू होलला वळसा घालून पाच फूट पुढे गेला. परतीचाही चुकला.

त्यानंतर तो हात माझा राहिला नाही. पट मारायच्या काठ्या, पटर, अकरा बदलल्या. डाव्या हाताने मारून बघितलं, डोळे मिटून मारून बघितलं. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. ते ऐकून जास्त वाईट वाटलं. हाताला काही नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी नाही. तीन वर्षं असा सडलो आणि खेळ सोडला. मग मुंबईत शिकवायला लागलो. लांबचे फटके मीच शिकवायचो, जवळच्या फटक्यांसाठी दुसऱ्या सरांकडे पाठवायचो. इथे दुसरे सर नाहीत.

उझमाला यातलं काही माहीत नाही. कळायलाही नको.

२८ नोव्हेंबर

तिच्यासाठी पद्धत बसवली. आधी चार श्वास. दोनदा हवेत मारून बघायचं. होलकडे तीनदा नजर. डावा हात उजव्याच्या खाली. ती म्हणाली, "सर, हात असा धरला की काठी माझी वाटत नाही." मी म्हटलं, महिनाभरात वाटेल. विचार न करता खेळणाऱ्याला एक दिवस विचार गाठतो तेव्हा त्याच्यापाशी काहीच नसतं. माझ्यापाशी नव्हतं. मी तिला कुंपण घालून देतो आहे.

पाच फुटांवरून वीस चेंडू मारायला लावले. होलमध्ये पडला की टक् असा आवाज येतो. अठरा टक् मोजले.

६ डिसेंबर

आज तिने पहिल्यांदाच विचारलं, "सर, दोन फुटांवरून चुकला तर काय करायचं?"

मला बरं वाटलं. पोर गंभीरपणे खेळाकडे बघायला लागली. तासभर समजावलं. चुकला तर काय होऊ शकतं, परतीचा कसा अवघड जातो, मन कसं खेळतं. ती ऐकत होती. नंतर वीस चेंडू. जयगडच्या बाजूला कोळशाचं जहाज चाललं होतं, अगदी सावकाश. तेरा टक्.

पद्धत नवीन आहे. बसायला वेळ लागणारच.

१४ डिसेंबर

नऊ.

रसूलभाईंशी भांडलो. म्हटलं, गवत फार बारीक कापताय, चेंडू थांबतच नाही. ते मशीन पुसत होते. म्हणाले, "हरीभाऊ, गवत ऑगस्टमध्ये होतं तेच आहे. मी मापाने कापतो."

"मग ती चुकते कशी?"

"ते तुम्ही सांगायचं. मी गवताचं सांगितलं."

उझमा तिथेच होती. बापाकडे नाही, माझ्याकडेही नाही, खाली बघत होती.

१५ डिसेंबर

अक्षयाला मार्चचं सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती. "मग फेरीपर्यंत त्या मुलीकडे नीट बघा," एवढंच म्हणाली. बघतोच आहे. दुसरं करतोय काय मी?

२४ डिसेंबर

नाताळच्या पाहुण्यांसाठी शेठनी छोटी स्पर्धा ठेवली होती. तीन ग्रीन्सवर फिरून फिरून नऊ होल. शेठ स्वतः खुर्ची टाकून बसले होते. उझमाचे लांबचे फटके बघून मुंबईचे पाहुणे मोबाइल काढून उभे राहिले. शेठनी मला अंगठा दाखवला.

शेवटच्या होलवर तिला तीन फुटांचा उरला. मी होलमधला झेंडा काढून बाजूला झालो, त्याचं कापड काठीला गुंडाळत होतो. काठी चेंडूला लागल्याचा आवाज आला. तो आवाज मला माहीत आहे. बारा वर्षं तो माझ्या कानात आहे. मान वर केली तेव्हा चेंडू ग्रीनच्या पार पलीकडे होता आणि उझमा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती, तो दुसऱ्या कुणाचा असावा तशी.

२६ डिसेंबर

दोन दिवस तिला यायला नको सांगितलं.

हे माझ्याकडून तिला गेलं. कसं गेलं ते कळत नाही, पण गेलं. घरात एकाला कांजिण्या झाल्या की दुसऱ्याला होतात तसं. चांगली उड्या मारत चाललेली पोर, मी हात लावला आणि बसली. आयुष्यात मला खेळाशिवाय काही आलं नाही. तो गेला. शिकवणं तरी येतं असं वाटत होतं. आता तेही नाही, आणि ते जाताना एका पोरीला घेऊन गेलं. मी उरलोय कशाला, हा प्रश्न आज स्वतःला सरळ विचारला.

दुपारी सड्याच्या टोकाला गेलो होतो. खाली खडकांवर लाटा फुटत होत्या. किती वेळ उभा होतो माहीत नाही. रसूलभाईंनी हाक मारली, "हरीभाऊ, जरा पाइप धरा." गेलो, धरला. तासभर त्यांनी मला तो पाइप सोडू दिला नाही.

२ जानेवारी

उझमा येते आहे. हात दहात चारदा उडतो. पद्धत आणखी घट्ट केली. चारच्या जागी सहा श्वास. आज मारायच्या आधी इतका वेळ उभी राहिली की एक गाय ग्रीनवर चढून उतरून गेली.

५ जानेवारी

रविवार म्हणून अक्षया डबा घेऊन रेंजवर आली होती. दीड तास शेडमध्ये बसली. घरी आल्यावर भात वाढता वाढता म्हणाली, "उझमा तो जवळचा फटका मारते तेव्हा तुम्ही कुठे बघता?"

"तिच्याकडेच."

"नाही. लांबचे मारते तेव्हा तुम्ही तिच्यावरून डोळा काढत नाही. जवळचा आला की तुमच्या बुटाची लेस सुटते. नाहीतर घाम पुसायचा असतो. मी मोजलं नाही, पण एकदाही बघितलं नाहीत."

मी म्हटलं, तू गोल्फ कधीपासून शिकवायला लागलीस? तिने ते मनावर घेतलं नाही. माझ्यासमोर बसली.

"माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याला उत्तर येणार नाही हे मी ठरवूनच टाकलं होतं. प्रश्न विचारायचे आणि तो तोंड उघडायच्या आधी फळ्याकडे वळायचे. वर्षाच्या शेवटी तो माझ्या तासाला तोतरा बोलायला लागला, फक्त माझ्याच तासाला. मुलांना सगळं कळतं हो. आपण तोंड फिरवलं की त्यांना वाटतं, आता वाईटच होणार."

मी पानावरून उठलो. मग ही वही काढून पहिल्यापासून वाचली. टक्. जहाज. झेंड्याचं कापड. तीन वर्षांत त्या पोरीचा एकही पट मी बघितलेला नाही.

६ जानेवारी

रसूलभाईंना विचारलं, मी बघत नाही हे तुम्हाला माहीत होतं?

"होय."

"मग सांगितलं का नाहीत?"

ते गवतातला पाला वेचत होते. "तुमचं दुखणं आहे ते. कोण बोलेल? पण आमची बाय आता घरी म्हणते, अब्बा, सर बघत नाहीत म्हणजे त्यांना आधीच ठाऊक असतं, चेंडू जाणार नाही."

७ जानेवारी

उझमाला समोर बसवून सगळं सांगितलं. बंगळूर, दोन फूट, अकरा पटर. संपल्यावर म्हणाली, "तो व्हिडिओ मी बघितलाय, सर."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. तुमचं नाव टाकलं की आधी तोच येतो."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही बोलला नाहीत."

मी म्हटलं, माझी पद्धत विसर, श्वास विसर, हात पूर्वीसारखा धर. ती म्हणाली, "विसर म्हटलं की विसरता येतं होय?" मग तिचा पटर माझ्यापुढे धरला. "तुम्ही मारा."

माणसासमोर पटर हातात घेऊन मला नऊ वर्षं झाली होती. चेंडू तिनेच ठेवला, दोन फुटांवर. माझा हात उडाला. चेंडू ग्रीन ओलांडून कातळावर खडखडत गेला. रसूलभाईंनी मशीन बंद केलं. तेवढं त्यांनी करायला नको होतं.

"दुखतं?" उझमाने विचारलं.

"हात? नाही."

"मग लाज वाटते?"

"हो."

तिने दुसरा चेंडू ठेवला. दुपार कलेपर्यंत चाळीस चेंडू मारले. सात गेले. प्रत्येक वेळी ती माझ्या हाताकडे बघत होती, पावसात पोरं गटाराच्या पाण्याकडे बघतात तशी, नुसतं काय होतंय ते बघायला. मग पटर घेतला आणि स्वतः मारायला लागली, जुन्या पकडीने. दोनदा हात उडाला, पुढचे तीन गेले, मग एकदा उडाला. मी बघितलं. प्रत्येक फटका बघितला. मारताना ती खालचा ओठ आत ओढून घेते. हे मला ठाऊक नव्हतं.

११ जानेवारी

दहात एकदा उडतो. कधी दोनदा. आज रात्रीच्या गाडीने पुणे. पिशवी मीच उचलणार आहे. अक्षयाने दोघांसाठी घावन बांधून दिले आहेत. मला सारखं वाटतंय, अजून एक महिना मिळायला हवा होता. तो महिना मीच खाल्ला.

१६ जानेवारी, पुणे

पहिल्या दिवशी सत्ताविसावी. दुसऱ्या दिवशी हात दोनदा उडाला, चौतिसावी. आज ती जशी खेळली तसं मी कुणाला खेळताना बघितलेलं नाही. शेवटच्या होलवर चार फुटांचा उरला. गेला तर तिसावी.

ती चेंडूमागे बसली, मी तिच्यामागे. जमिनीचा उतार मी नीट वाचला. म्हटलं, "डावीकडे ठेव, एक चेंडूभर." तिने मान हलवली. उभी राहिली. ओठ आत घेतला. हात हलला नाही. कडेकपारीतून पाणी यावं तसा सरळ, स्वच्छ फटका. चेंडू मी सांगितलेल्या रेषेवरून गेला आणि होलच्या डाव्या अंगाने पुढे निघून गेला.

उतार नव्हताच तिथे. सरळ होता.

एका फटक्याने राहिली.

१७ जानेवारी

घाट उतरून गाडी सावर्ड्याला चहाला थांबली. ती कप दोन्ही हातांनी धरून बसली होती.

मी म्हटलं, "रेषा मी चुकीची सांगितली."

"होय. मला सरळच वाटत होतं."

"मग माझं ऐकलंस का?"

"तुम्ही पहिल्यांदाच बघून सांगत होतात म्हणून."

कंडक्टरने घंटी दिली. चहा तसाच टाकून उठलो.

२ फेब्रुवारी

सुजयशेठना काही सांगावं लागलं नाही. त्यांनीच निकाल नेटवर बघितला होता. कॉटेजेसचे आराखडे टेबलावर होते.

मी मनाशी एक ठरवलं आणि तसं केलं. माझ्याबरोबर खेळलेला एकजण बंगळूरला अकादमी चालवतो, त्याला फोन केला. उझमाचे व्हिडिओ बघून तो लगेच तयार झाला, वसतिगृहात राहायची सोयही करतो म्हणाला. फोन ठेवला तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. माझ्या हातून एक गोष्ट तरी धड झाली, पोर माझ्यापासून सुटली.

बापलेकीला शेडमध्ये बसवून सांगितलं. उझमा उठून उभी राहिली.

"मला विचारलंत?"

"तुझ्या भल्यासाठीच केलंय."

"आधी नजर बाजूला करायचात, सर. आता मलाच बाजूला करताय."

ती चालत खाली रस्त्यापर्यंत गेली, बापाची स्कूटर सोडून. रसूलभाई उठले. "तुमच्या मित्राची अकादमी चांगली असेल," म्हणाले. "जाईलही ती एक दिवस. पण जाईल ती स्वतः ठरवून. तुम्ही घाबरलात म्हणून नाही."

मला वाटलं होतं हा त्याग आहे. आत्ताही अर्धवट तसंच वाटतंय. अक्षयाला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, फोन करून नाही सांगा, किंवा त्या मुलीला नंबर द्या, तिला हवं तेव्हा ती करेल.

४ फेब्रुवारी

काल उझमाला नंबर दिला. तिने घेतला, मोबाइलमध्ये साठवला, आणि आज नेहमीच्या वेळेला आली.

८ एप्रिल

रमझानभर सकाळी सहाला येत होती, ऊन चढायच्या आत. ईद झाली आणि दुसऱ्या दिवशी सड्यावर खोदाईचं मशीन आलं. त्याआधी दोन दिवस रसूलभाईंनी शेठना विचारून ग्रीनचं गवत फावड्याने लादी कापावी तसं चौकोन चौकोन कापून काढलं होतं. शेठ म्हणाले, न्या, मशीनखाली जाणारच होतं. एक टेम्पो भरला. मी मागे गवतावर बसून कर्ल्यापर्यंत आलो. शेड गेली, पाटी गेली. मी आता कुठलाच कोच नाही. उद्यापासून सकाळी उठून कुठे जायचं ते माहीत नाही, असं परवापर्यंत वाटत होतं.

रसूलभाईंच्या घरामागे, खाडीच्या बाजूला माती आहे. तिथे त्यांनी लाद्या पसरल्या, सांधे मातीने भरले, चार दिवस पाणी घातलं. ग्रीन कसलं, मोठ्या सतरंजीएवढं. अर्धं गवत पिवळं पडलं आहे. ते म्हणतात धरेल. उझमाची आई पाटावर बसून बघत होती, मधूनच "हा कसला खेळ" म्हणत होती.

उझमाने सहा फुटांवर चेंडू ठेवला. माती अजून बसलेली नाही, मध्ये उंचवटा आहे. ती चेंडूमागे बसली आणि मागे वळली.

"सर, रेषा?"

"तू सांग."

तिने सांगितली. मला ती पटली नाही. तशीच राहू दिली. पुढे होऊन होलच्या अगदी जवळ, तिला दिसेन असा उभा राहिलो. माझा स्वतःचा उजवा हात खिशात गेला होता. तो काढून बाहेर ठेवला.

तिने ओठ आत घेतला आणि मारला. चेंडू उंचवट्यावरून तिने सांगितला तसा वळला, होलच्या कडेला लागला, क्षणभर टेकला आणि बाहेरच राहिला.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडेच बघत होतो. तिने दुसरा चेंडू ठेवला.